बॅटरीचा कारखाना नको, बॅटरीची पेटी मागा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील उद्योजक संघटनांचे सर्व पदाधिकारी आणि सभासद,
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि शिवाजी उद्यमनगर

सप्रेम नमस्कार.

मुंबईहून कुणी मंत्री आले की आपण सर्किट हाऊसवर निवेदन घेऊन जातो. वीजदर कमी करा, रस्ते करा, आणि गेली तीन-चार वर्षं त्यात एक नवं कलम असतं : कोल्हापुरात इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीचा मोठा प्रकल्प आणा. मंत्री 'बघतो' म्हणतात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. अशा दोन फोटोंत मागच्या रांगेत मीही उभा आहे. ते कलम खोडा, हे सांगायला आज बसलोय. त्याजागी काय लिहायचं तेही सांगतो, पण जरा धीरानं वाचा.

शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ, दोन पाळ्यांत मिळून चौदा माणसं. वडील उद्यमनगरात लेथवर होते; ऑइल इंजिनची फ्लायव्हील फिरवून त्यांनी आम्हा भावंडांना शिकवलं. आज माझ्याकडच्या दहा जॉबपैकी सात इंजिनाशी बांधलेले आहेत. सिलिंडर हेड, फ्लायव्हील हाउसिंग, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. ज्या गाडीला इंजिनच नाही तिला यातलं काहीच लागत नाही. ब्रेक ड्रम, हब, ॲक्सलचं काम राहील, ट्रॅक्टरही एवढ्यात डिझेल सोडत नाही, हे मान्य. तरी रात्री झोप लागत नाही ती लागत नाहीच. म्हणजे ईव्हीची धास्ती मला तुमच्याइतकीच आहे, फक्त तिच्यावरचं औषध आपण चुकीच्या दुकानात शोधतोय असं माझं म्हणणं आहे.

बॅटरीचा कारखाना म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर असतो सेलचा कारखाना. हा सेल म्हणजे नेमकं काय? गुंडाळलेल्या किंवा एकावर एक रचलेल्या दोन पट्ट्या. एक तांब्याची फॉइल, सहा ते आठ मायक्रॉनची, तिच्यावर ग्राफाइटचा लेप. दुसरी ॲल्युमिनियमची, तिच्यावर लिथियमच्या संयुगाचा लेप. मधे सूक्ष्म छिद्रांचा प्लास्टिकचा पडदा, आणि सगळं इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजलेलं. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे ती तांब्याची पट्टी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. तिच्यावर काळी राबडी शेकडो मीटर एकसारखी पसरायची, वाळवायची, रोलखालून दाबायची, कापायची, गुंडाळायची. इलेक्ट्रोलाइट भरण्याची खोली इतकी कोरडी लागते की तिथल्या हवेचा दवबिंदू उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याच्याही खाली ठेवतात. पाण्याचा अंश आत राहिला की इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी क्रिया होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनतं आणि ते सेलला आतून खातं. जुलैत गगनबावड्याकडून वारा सुटला की आपल्याकडं टॉवेल चार दिवस वाळत नाही. यंत्रं लावून खोली कोरडी ठेवता येते, नाही असं नाही, पण ती यंत्रं रात्रंदिवस वीज पितात. वीजदर परवडत नाही ही तक्रार आणि या प्रकल्पाची मागणी आपण एकाच कागदावर टाइप करतो, याचं मला हसू येतं.

एवढं करून सेल तयार झाला तरी लगेच विकता येत नाही. पहिलं चार्जिंग हळूहळू करायचं, मग तो बरेच दिवस ठेवून द्यायचा, व्होल्टेज उतरतंय का बघायचं, प्रतवारी लावायची. जुने लोक मशीनच्या बेडचं कास्टिंग वर्षभर उन्हापावसात टाकून मुरवायचे, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की इथं लाखो सेल एकदम मुरत असतात आणि तेवढा पैसा रॅकवर अडकलेला असतो.

आता रकमांकडं या. केंद्र सरकारनं मे २०२१ मध्ये प्रगत सेलसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य ५० गिगावॉट-तास. एक गिगावॉट-तास म्हणजे तीन किलोवॉट-तासाची बॅटरी धरली तर सव्वातीन लाखांहून जास्त स्कूटर. दर गिगावॉट-तासामागं किमान २२५ कोटींची गुंतवणूक, दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशात, अशा अटी. जुलै २०२२ मध्ये करार झाले ते रिलायन्स, ओला, राजेश एक्स्पोर्ट्स यांच्या कंपन्यांशी. इतके पैसे, इतकी मोठी नावं, आणि तरीही ठरल्या वेळेत ५० पैकी फारच थोडी क्षमता उभी राहिली. यंत्रं चीन, कोरिया, जपानची. ती बसवायला येणारी माणसं तिकडचीच, त्यांच्या व्हिसाचा घोळ. योजनेबाहेर टाटा साणंदला १३,००० कोटींचा कारखाना काढतायत, अमरा राजा तेलंगणात महबूबनगरला, एक्साइड बंगळूरजवळ. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ईव्ही धोरणातही राज्यात किमान एक गिगाफॅक्टरी आणायची असं लिहिलं होतं. या रांगेत कोल्हापूरनं कितव्या नंबरवर उभं राहायचं, ते तुम्हीच सांगा.

आणि समजा, आला. एखाद्या उद्योगपतीला अंबाबाई पावली आणि त्यानं कागलला दोनशे एकर घेतली. त्या कारखान्यात तुमच्या-माझ्या शॉपचं काय काम? लेप, फॉइल, पडदा, द्रव, सगळं रसायनाचं. आपल्याला सिक्युरिटी, कँटीन आणि टेम्पोची कंत्राटं. तीही आपल्यातल्याच कुणाला मिळतील याची खात्री नाही.

याचा अर्थ कच्चा माल इथं नाही म्हणून धंदा इथं होणार नाही, असं मी म्हणत नाही. ते म्हणणारा माणूस कोल्हापूरचा नव्हेच. आपल्या फौंड्र्यांना पिग आयर्न गोव्यातून आणि कर्नाटकातून येतं, सिलिका वाळू घाट चढून कोकणातल्या कासार्ड्याची, कोक तर त्याहूनही लांबचा. जिल्ह्यात लोहखनिजाची खाण कुठं होती? नदीवरून ऊसाला पाणी उपसायला इंजिन लागलं, गुऱ्हाळाला चरक लागला, त्याच्या दुरुस्तीला मिस्त्री लागला, मिस्त्रीला सुटा भाग लागला, आणि त्या सुट्या भागापायी भट्टी पेटली. गिऱ्हाईक दारात होतं आणि हातात कसब होतं, एवढ्या दोन गोष्टींवर आज सुमारे तीनशे फौंड्र्या उभ्या आहेत. स्वयंपूर्ण आपण कधीच नव्हतो आणि त्यावाचून आपलं अडलंही नाही.

बॅटरीची साखळी तर आपल्या साखळीहून कितीतरी लांब. कोबाल्टचा मोठा हिस्सा काँगोचा, निकेल इंडोनेशियाचं, लिथियम ऑस्ट्रेलिया आणि चिलीचं, आणि हे सगळं शुद्ध होतं ते बहुतांशी चीनमध्ये. डिसेंबर २०२३ पासून चीननं ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावला. एप्रिल २०२५ मध्ये मोटरच्या दुर्मिळ मृदा चुंबकांना लावला, तेव्हा आपल्याकडच्या वाहन कंपन्यांची महिन्याची उत्पादनाची गणितं विस्कटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूजवळ रियासीला ५९ लाख टन लिथियमचा साठा असल्याची बातमी आली होती, आठवतंय? आपल्या ग्रुपवर तिरंग्याचे फोटो फिरले. तो प्राथमिक अंदाज होता, आणि लिलावाला पुरेसे बोली लावणारेही आले नाहीत.

यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आज स्वस्त गाड्यांत जो लोह-फॉस्फेटचा सेल चालतो, त्यावरचा मूळ शोधनिबंध १९९७ चा, अमेरिकेत टेक्सासमधला. त्यावर तीन नावं आहेत : पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. पहिली दोन आपल्याच मातीतली. शोध लागला टेक्सासात, निम्म्याहून अधिक नावं भारतीय, आणि धंदा केला चीननं. यात लोखंड आहे म्हणून आपल्या फौंड्रीवाल्यांनी हुरळून जाऊ नये, ते लोखंड कुपोलातलं, म्हणजे आपल्या ओतकामाच्या भट्टीतलं नव्हे. पण धडा आहे. शोध ज्याचा असतो त्याच्या गावात धंदा होतोच असं नाही, तो होतो रोज हात काळे करणाऱ्याच्या गावात.

म्हणून सेलचं स्वप्न बाजूला ठेवा आणि सेलच्या भोवती काय असतं ते बघा.

पॅक म्हणजे बरेच सेल जोडून पेटीत बसवलेली तयार बॅटरी. पॅकच्या किमतीत सेलचा वाटा दोन-तृतीयांशाच्या वर असतो. उरलेल्यात काय? ॲल्युमिनियमची पेटी आणि तिचं झाकण. सेल थंड ठेवणारी कूलिंग प्लेट. सेल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे बसबार. ब्रॅकेट, गॅस्केट, वाफ सोडणारा व्हॉल्व्ह, हार्नेस, आणि सगळ्यावर नजर ठेवणारं बीएमएसचं (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचं) सर्किट. शेवटचं सोडलं तर बाकी यादी वाचताना तुम्हाला आपल्याच गल्लीतल्या शॉपची नावं आठवली असतील. शिवाय मोटरचं हाउसिंग, इन्व्हर्टरचं हाउसिंग, आणि बॅटरी बनवणाऱ्या यंत्रांच्या फ्रेम आणि फिक्स्चर.

हे काम चीनहून का येणार नाही, याचं कारण देशप्रेम नव्हे, भाडं आहे. सेल कंटेनरमध्ये ठासून भरता येतात. रिकामी पेटी म्हणजे हवा, आणि हवेचं भाडं कोण भरेल? उलट भरलेला पॅक हा वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल, नववा वर्ग. त्याचं पॅकिंग वेगळं, कागदपत्रं वेगळी, विमानानं न्यायचा तर सेलमधला चार्ज तीस टक्क्यांच्या वर नको. म्हणून पॅक शक्यतो गाडी जिथं बनते त्याच्या आसपासच बांधतात. आता नकाशा काढा. चाकण आपल्याच ४८ नंबरच्या हायवेच्या वरच्या अंगाला, होसूर-कृष्णगिरी त्याच हायवेच्या खालच्या अंगाला. इलेक्ट्रिक स्कूटरचा देशातला मोठा कारभार या दोन टोकांना आहे आणि मधे आपण.

(हायवेचा विषय निघालाच आहे तर : ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी याच हायवेवर आलं आणि गाड्यांच्या रांगा लागल्या. चीननं परवाना अडवला तर आपण ओरडतो, पंचगंगेनं सांगली फाटा अडवला तर कुणाकडं ओरडायचं? पॅकचं गोदाम बांधणाऱ्यानं पूररेषा बघूनच बांधावं. लिथियमची पॅकं आणि पुराचं पाणी ही जोडी बरी नव्हे.)

आता माझी फजिती सांगतो, कारण फुकटचा सल्ला देणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

दीड वर्षापूर्वी चाकणच्या एका पुरवठादाराकडून मला ड्रॉइंग आलं. स्कूटरच्या बॅटरीची पेटी, एलएम-२५ ॲल्युमिनियम, ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग. तीन किलोच्या आतबाहेरचा जॉब, कडेनं चौदा बोल्ट, झाकणाखाली गॅस्केटची खाच. बघताक्षणी वाटलं, हा काय जॉब! सिलिंडर हेड करणाऱ्याला पेटी म्हणजे डावा हात. शेजारच्या ओळखीच्या फौंड्रीत कास्टिंग घेतलं, आम्ही मशीनिंग केलं. मापं सगळी टॉलरन्समध्ये, फेसचा सपाटपणा उत्तम, फिनिश असं की तोंड दिसावं. चाळीस नग. शेवटी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती : आयपी ६७.

म्हणजे पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी आत पाणी जायला नको. लिकेज टेस्टचं यंत्र आपल्याकडं कुणाकडं मिळेना, निदान मला मिळालं नाही. आम्ही शॉपच्या मागच्या पाण्याच्या टाकीत पेटी धरली आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो, अगदी तस्सं. पहिल्या तीन पेट्या गप्प. चौथीला बुडबुडे. मला वाटलं गॅस्केटमधून येतायत, बोल्ट आवळले. बुडबुडे तसेच. पोरगं खाली वाकून बघत होतं, म्हणालं, "मालक, खाचेतनं नाही, बोल्टच्या बुडातनं यायलंय." बघितलं तर तिसऱ्या बोल्टच्या बॉसमधून, म्हणजे बोल्ट बसतो त्या जाड उंचवट्याच्या भरीव धातूतून, मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक.

फौंड्रीवाले काका तीस वर्षं ग्रे आयर्नमधले. ते म्हणाले, "एवढी पोरॉसिटी चालते की." पोरॉसिटी म्हणजे धातूतली बारीक छिद्रं. कास्ट आयर्नच्या हबला चालते. ॲल्युमिनियमचा रस हवेतला ओलावा ओढतो, त्यातला हायड्रोजन गिळतो आणि थंड होताना बारीक छिद्रांच्या रूपानं सोडतो. आमची हिट काढली होती ऑगस्टात, बाहेर धो धो पाऊस, इन्गॉट ओलसर, डिगॅसिंगच्या, म्हणजे रसातला वायू काढण्याच्या, नावानं नुसती गोळी टाकून ढवळलेलं. सेलच्या कोरड्या खोलीवर मी वर एवढं लिहिलं ना, तोच ओलावा आमच्या पेटीतही निघाला.

मग पुण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये सगळे नग पाठवले. टेम्पोचं भाडं, टेस्टची फी, रांग. रिपोर्ट हातात यायला बारा दिवस. चाळीसपैकी अकरा फेल. छिद्रं भरून घेण्यासाठी इम्प्रेग्नेशन करतात असं कळलं, तेही पुण्यालाच. दुसऱ्या खेपेला नायट्रोजन सोडून नीट डिगॅसिंग केलं, डायचं व्हेंटिंग बदललं, पेट्या पास झाल्या. तोवर ऑर्डर दुसरीकडं गेली होती. गिऱ्हाईक भला माणूस, फोनवर म्हणाला, "साहेब, तुमचं मशीनिंग एक नंबर, पण तुमच्या गावात मोजायची सोय नाही. प्रत्येक बदलाला तुम्हाला पुणं गाठावं लागतं. माझ्याकडं तेवढा वेळ नसतो."

आपल्याला काय हवं ते त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं. मोजायची सोय.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज पडू नये. गावोगावच्या दूध संस्थेत पहाटे काय होतं? कुणाची म्हैस किती चांगली यावर तिथं चर्चा होत नाही. कॅन येतो, नमुना काढतात, फॅट लागते, दर मिळतो. दोन म्हशीवाली बाई आणि वीस म्हशीवाला सावकार, दोघांना यंत्र एकच. त्या फॅटच्या यंत्रावर एवढा मोठा सहकारी दूधधंदा उभा राहिला, कारण मुंबईच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक म्हैस तपासायला यावं लागलं नाही. बॅटरीच्या पेटीला असलं फॅटचं यंत्र शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात हवं. लिक टेस्ट, पोरॉसिटी बघायला एक्स-रे, कंपनाचं टेबल, मिठाच्या फवाऱ्याची पेटी, सेल पुन्हा पुन्हा चार्ज-डिस्चार्ज करून तपासायचे चार-दोन सायकलर. ५० गिगावॉट-तासाच्या गोष्टींपुढं ही रक्कम म्हणजे चहापाणी. वाहनाच्या अंतिम प्रमाणपत्राला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था आहेतच, त्यांची जागा घ्यायची नाही. तिथं जाण्याआधी आपला जॉब आपल्याला कळावा, एवढंच.

याला केंद्राची लघुउद्योग क्लस्टरची योजना आहे. सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं, पण त्यासाठी आधी आपल्यातल्या वीस-पंचवीस जणांनी एकत्र येऊन कंपनी काढावी लागते आणि आपला हिस्सा भरावा लागतो. घोडं इथंच अडतं. आपण क्लस्टरच्या मीटिंगला जातो, चहा-बिस्किट खातो, आणि बाहेर पडल्यावर शेजाऱ्याचा रेट दहा रुपयांनी पाडून त्याचाच जॉब उचलतो. कडू आहे, पण छापतोय. एक्स-रे मशीन एकट्याला परवडणार नाही आणि दुसऱ्याच्या मशीनवर आपला जॉब न्यायला आपला जीव धजत नाही, की ड्रॉइंग बघेल. अरे, ड्रॉइंग बघून जॉब जमला असता तर माझ्या अकरा पेट्या फेल गेल्या नसत्या.

दुसरी गोष्ट माणसांची. शहरात आत्ता दोन-तीन ठिकाणी पोरं स्कूटर आणि ई-रिक्षाची पॅकं दुरुस्त करतात, नवीही बांधून देतात. माझा भाचा त्यातला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय चोवीस. एकदा त्याच्या गाळ्यात तासभर बसलो. टेबलावर सेलचा ढीग, हातात छोटा मीटर, प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मोजायचा आणि मार्करनं सेलवर लिहायचा. सारख्या आकड्याचे सेल एका ट्रेमध्ये. मला म्हणाला, "मामा, लोह-फॉस्फेटचे सोळा सेल सिरीजमध्ये जोडले की ५१.२ व्होल्ट. त्यातला एक मरतुकडा असला की पंधरा जणांना तो खाली ओढतो." काम मन लावून. पण भिंतीला वाळूची बादली नाही, हातात इन्सुलेटेड मोजे नाहीत, आणि बोटात अंगठी. मी ती काढायला लावली तर हसला. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेच्या एआयएस १५६ या मानकाचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. हे नियम मोठ्या कंपन्यांना कळले, भाच्याच्या गाळ्यापर्यंत आले नाहीत. आयटीआयमध्ये पॅक बांधणी आणि उच्च दाबाच्या विजेपासूनच्या सुरक्षिततेचा सहा महिन्यांचा कोर्स सुरू करायला लावणं आपल्या संघटनांच्या हातातलं आहे. शिवाजी विद्यापीठात सुपरकपॅसिटर आणि थिन फिल्मवर कित्येक वर्षं चांगलं संशोधन चालतं. ते आणि आपण एकाच शहरात राहतो, आणि आपल्यातल्या किती जणांनी तिथली प्रयोगशाळा पाहिली आहे? मी पाहिलेली नाही, आधीच कबूल करतो.

तिसरी, भंगाराची. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका फौंड्रीत भंगाराच्या गाठोड्यात जुनी पॉवर बँक आली. कुणाच्या लक्षात आली नाही. फर्नेसमध्ये पडली आणि दाणकन आवाज झाला, रस उडाला. मेल्टरच्या तोंडावर शील्ड होती म्हणून चेहरा वाचला. आता स्कूटरची पॅकं भंगारात येऊ लागतील, तेव्हा काय? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्येच आले. जुनी बॅटरी परत घेणं उत्पादकावर बंधनकारक आहे आणि २०२७-२८ पासून गाडीच्या नव्या बॅटरीत ठरावीक हिस्सा पुनर्वापराच्या धातूंचा लागणार आहे. पॅक सुरक्षितपणे रिकामं करणं, उघडणं, तांबं-ॲल्युमिनियम वेगळं काढणं, सेल अधिकृत रिसायकलरकडं पाठवणं, हे काम भंगाराची पारख असलेल्या गावानं करायचं नाही तर कुणी? पण शेडमध्ये हातोडी घेऊन नव्हे. हेही सामाईकच व्हायला हवं, नाहीतर आपण शिशाच्या बॅटऱ्या वितळवणाऱ्यांच्या वाटेनं जाऊ.

लांबच्या दोन गोष्टी, फक्त कानावर घालतो. आपल्याच जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, वर्षानुवर्षं बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यात गेलं. सेलमधल्या पडद्यावर उष्णता सोसायला जो लेप देतात तो ॲल्युमिनाचाच असतो. आणि सोडियमच्या बॅटरीला लिथियम लागत नाही, तांब्याची फॉइलही लागत नाही. तिला लागतो कठीण कार्बन, आणि तो बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून बनवता येतो. पुण्यात केपीआयटी कंपनीनं आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या मदतीनं डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमची बॅटरी दाखवली होती. आपले साखर कारखाने बगॅस जाळून वीज करतात, तेच आज परवडतं. उद्या बगॅसला बॉयलरपेक्षा चांगला भाव देणारं गिऱ्हाईक निघालं तर ते आपल्या दारातून उपाशी जाऊ नये, एवढ्यापुरतं एखाद्या कारखान्यानं विद्यापीठाशी बोलून ठेवावं. याहून जास्त स्वप्न मी बघत नाही.

तर निवेदनात काय लिहायचं? चाचणी केंद्राला एमआयडीसीनं जागा आणि सवलतीची वीज द्यावी. राज्याच्या ईव्ही धोरणातली सवलत सेल आणि गाडी बनवणाऱ्यांपुरती न ठेवता पेटी, कूलिंग प्लेट, हाउसिंग बनवणाऱ्या लघुउद्योगांपर्यंत यावी. ग्रे आयर्नमधून ॲल्युमिनियमकडं वळणाऱ्या फौंड्रीला भट्टी बदलायला कमी व्याजाचं कर्ज मिळावं. आणि हो, लघुउद्योगांची बिलं पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, तो मोठ्या खरेदीदारांनी पाळावा हे पुन्हा एकदा लिहा. दरवेळी लिहितो, याही वेळी लिहू. मंत्र्यांना ही यादी मोठ्या प्रकल्पाच्या बातमीएवढी गाजणारी वाटणार नाही, फोटोही साधाच येईल. पण यातलं एकही काम त्यांच्या कुवतीबाहेरचं नाही, आणि गाळे बंद पडण्याआधी होण्यासारखं आहे.

पुढच्या महिन्याच्या संयुक्त सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. माझ्या हिश्श्याचा चेक मी सोबत आणतो, आणखी चोवीस जण लागतील. त्या अकरा पेट्या अजून माझ्या ऑफिसात आहेत, एकीत आमची चहाची कपबशी असते. सभेला मी एक घेऊन येईन, सायकलचा पंपही आणीन. पाण्याची टाकी तेवढी यजमान संघटनेनं तयार ठेवावी.

आपला,
शिरोली एमआयडीसीतला एक मशीन शॉपवाला